फॅरेडेची निरीक्षण वही

१८१२ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची अखेरची व्याख्यानं झाली. वरच्या सज्जात, घड्याळाच्या माथ्यावरच्या जागेत, २० वर्षांचा एक मुलगा बसून लिहून घेत होता. लोहाराचा मुलगा. शाळा म्हणाल तर लिहिणं, वाचणं आणि जुजबी गणित, बस. १४व्या वर्षापासून पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. बांधायला आलेली पुस्तकं वाचायचीही, ही त्याची सवय. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने चारही ऐकली, नोंदी सुवाच्य अक्षरात उतरवल्या, आकृत्या काढल्या, सुमारे ३०० पानांचं पुस्तक स्वतः बांधलं आणि डेव्हीलाच पाठवून दिलं. मार्च १८१३ मध्ये हा मुलगा, म्हणजे पुढे नावाजलेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे, त्याच संस्थेत प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून रुजू झाला.

विज्ञानाच्या पुस्तकांत ही गोष्ट जिद्दीची म्हणून येते, आणि जिद्द त्यात आहेच. पण शिक्षक होऊ पाहणाऱ्या माझ्यासारखीला त्यातला वेगळा भाग धरून ठेवतो. हा मुलगा व्याख्यान ऐकताना नक्की काय पाहत होता?

त्याचं उत्तर त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. रुजू होऊन तीनच महिने झाले होते. जून १८१३ मध्ये त्याने बेंजामिन ॲबट या मित्राला लागोपाठ काही पत्रं लिहिली. विषय एकच: व्याख्यान कसं असावं. तोवर फॅरेडेने स्वतः एकही व्याख्यान दिलं नव्हतं. काम होतं इतरांच्या व्याख्यानांची तयारी करायची, भांडी मांडायची, नंतर धुवून ठेवायची. बाजूला उभं राहून तो वक्त्याकडे बघत होता, तसाच श्रोत्यांकडेही.

आम्हा बी.एड.च्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचं आहे. शालेय आंतरवासितेत मागच्या बाकावर बसून पाठांचं निरीक्षण करायचं असतं. त्यासाठी निरीक्षण वही असते आणि वहीत रकाने: विषयप्रवेश, प्रश्नांची मांडणी, फलकलेखन, आवाजातला चढउतार, वर्गनियंत्रण. प्रत्येकापुढे "चांगले" किंवा "समाधानकारक" लिहिलं की पान भरतं. फॅरेडेची पत्रं वाचल्यापासून मला ते रकाने अपुरे वाटायला लागलेत.

त्याच्या पत्रात सभागृहाची हवासुद्धा येते. खोली कोंदट असेल तर लोकांचं लक्ष राहणार नाही, म्हणून वारा खेळता हवा. बैठक अर्धवर्तुळाकार असावी, म्हणजे सगळ्यांना दिसेल. एक तास पुरे, त्याहून जास्त कुणालाच ऐकवू नये. वक्त्याच्या हालचाली संथ आणि सहज असाव्यात. उपकरणांच्या मागे वक्ता झाकला जाता कामा नये. सुरुवातीला जो उत्साह पेटवला तो शेवटपर्यंत तेवताच राहिला पाहिजे. टाळ्यांची याचना करणारा वक्ता त्याला फार खालच्या पायरीवर उतरलेला वाटतो. आणि मला सगळ्यात मोलाची वाटणारी नोंद: वक्त्याने आपली सगळी शक्ती श्रोत्यांच्याच आनंदासाठी आणि ज्ञानासाठी लावली आहे, अशी त्यांची खात्री पटली पाहिजे.

ही शेवटची गोष्ट कुठल्या रकान्यात बसवायची? मुलांना ती मात्र लगेच कळते. बाई वर्गात शिरताना हातात काय घेऊन आल्या आहेत, खडू आहे की नुसतं हजेरीपुस्तक, फळ्यावर काढायची आकृती आधी कुठे काढून पाहिली आहे का, हे पहिल्या दोन मिनिटांत पन्नास जणांनी ओळखलेलं असतं. तयारी करून आलेल्या शिक्षकाला मुलं शांततेची सवलत देतात. हे मी मागच्या बाकावरून पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, त्याच वर्गात, एका तासिकेला आणि लगेच पुढच्या तासिकेला.

डेव्हीच्या त्या चार व्याख्यानांपैकी एक क्लोरीनवर होतं. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, असं डेव्हीने दोनच वर्षांपूर्वी, १८१० मध्ये मांडलं होतं. तोपर्यंत त्यात ऑक्सिजन असणारच असं मानलं जाई, कारण आम्लपणा ऑक्सिजनमुळे येतो हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचं मत होतं. वाद मिटलेला नव्हता. म्हणजे सज्जातल्या त्या मुलाने पुस्तकात बंद झालेलं विज्ञान ऐकलं नाही. ज्यावर माणसं अजून भांडत होती ते विज्ञान, भांडणाऱ्यांपैकी एकाच्याच तोंडून ऐकलं. आमच्या पुस्तकात क्लोरीनला अणुअंक आहे, संज्ञा आहे, उपयोग आहेत, पण त्याच्यावर कधी वाद झाला होता याचा मागमूस नाही. तासिकेतली पाच मिनिटं त्या वादाला द्यायला हवीत, असं माझं ठाम मत आहे. "हे कुणाला पटलं नव्हतं आणि का?" एवढ्या प्रश्नाने आठवीतली मुलं सरसावून बसतात.

फॅरेडेकडे वक्तृत्व उपजत होतं असंही नाही. १८१६ मध्ये त्याने एका छोट्या मंडळात व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. पुढे बेंजामिन स्मार्ट या वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे तो पैसे भरून शिकला. बोलण्याच्या भरात त्याचा वेग वाढे, म्हणून त्याच्यासमोर "सावकाश" असं लिहिलेलं कार्ड ठेवलं जाई, आणि तास संपत आला की "वेळ" असं दुसरं. नाव झालेला शास्त्रज्ञ, समोर भरलेलं सभागृह आणि टेबलावर "सावकाश"! आमच्याकडे सूक्ष्म अध्यापनाची, म्हणजे छोटा पाठ घेऊन करायच्या सरावाची, ३६ मिनिटांची फेरी असते: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला हे ऐकून घेणं), बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. पहिल्या सत्रात ते उरकून टाकायचं असतं आणि नोकरी लागल्यावर त्याचं कुणी नावही काढत नाही. मला वाटतं, ते कार्ड नोकरीभर लागतं. शाळेत सहकारी शिक्षकाला "माझ्या तासाला मागे बसा आणि मी कुठे घाई करते ते सांगा" असं म्हणता यावं, इतपत मोकळेपणा असेल तर त्या शाळेतली मुलं नशीबवान.

आता मेणबत्ती. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं देण्याची प्रथा १८२५ पासूनची. १८२७ ते १८६० या काळात फॅरेडेने अशा १९ मालिका दिल्या. मेणबत्तीवरची मालिका १८४८ मध्ये एकदा आणि १८६० च्या नाताळात पुन्हा. दुसऱ्या खेपेला तो ६९ वर्षांचा होता. सहा व्याख्यानं आणि सहांचा विषय एकच, जळणारी मेणबत्ती. निसर्गविज्ञानात शिरायला याहून मोकळं दार नाही, असं त्याने पहिल्याच व्याख्यानात सांगितलं. सभागृहात मोठी माणसंही असत. पण आपण मुलांशी मूल होऊनच बोलणार, तो आपला हक्क आहे, असंही तो सुरुवातीलाच सांगून मोकळा झाला.

पहिल्या व्याख्यानात तो मेणबत्त्यांचे प्रकार दाखवतो, आणि त्यात एक मेणबत्ती समुद्रातून वर काढलेली आहे. रॉयल जॉर्ज नावाचं जहाज १७८२ मध्ये बुडालं, त्यातली ही. पन्नासहून जास्त वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही ती पेटते. मग एक साधा प्रश्न: मेणबत्तीच्या माथ्यावर वितळलेल्या मेणाची वाटी कशी तयार होते? ज्योतीमुळे हवा तापून वर जाते, तिच्या जागी बाजूने गार हवा येते, ती मेणबत्तीच्या कडेला गार ठेवते. मध्यभाग वितळतो, कड उभी राहते आणि मेण सांडत नाही. नक्षीदार, पन्हळीच्या मेणबत्त्या दिसायला छान, पण हवेचा हा एकसारखा प्रवाह तिथे बिघडतो आणि त्या ओघळतात. फॅरेडे मुद्दाम ओघळणारी मेणबत्तीही टेबलावर ठेवतो. बिघडलेल्या गोष्टीकडे बघून, असं का झालं, हे विचारायची सवय लावा, असा त्याचा आग्रह.

आमच्या पाठ्यपुस्तकात मेणबत्ती एका ओळीत येते: मेण वितळणे हा भौतिक बदल, मेण जळणे हा रासायनिक बदल. मुलांना ही ओळ पाठ असते. आंतरवासितेत आठवीच्या वर्गावर मी याच घटकाचा पाठ घेतला आणि फॅरेडेचा एक प्रयोग त्यात घातला. पंखे बंद केले, खिडक्या लावून घेतल्या. मेणबत्ती चांगली स्थिर जळू दिली. मग फुंकर मारून विझवली. वातीतून पांढरट धुराची बारीक दोरी सरळ वर जाते. पेटती काडी वातीला न लावता त्या धुरात, वातीच्या दोनेक इंच वर धरायची. ज्योत धुरावरून खाली धावते आणि वात पेटते. काडी वातीला लागलेलीच नाही, हे पुढच्या बाकावरच्यांनी शपथेवर सांगूनही मागच्यांचा विश्वास बसेना. मग मागच्यांना पुढे बोलावलं. वारा नसेल तर प्रयोग सहसा जमतो. तो पाहून झाल्यावर मी विचारलं, "मग जळतंय काय? वात, मेण की धूर?" आणि "मेण जळणे" या पाठ असलेल्या ओळीवर वर्गात पहिल्यांदा चर्चा झाली. घन मेण, वितळलेलं मेण आणि मेणाची वाफ अशी तिन्ही रूपं एका बोटभर उंचीत आहेत, आणि जळते ती वाफ, हे त्यांनी आपसात भांडूनच ठरवलं.

दुसरा प्रयोग सावलीचा. फॅरेडेने त्यासाठी विजेचा प्रखर दिवा वापरला होता, आमच्याकडे सकाळच्या शाळेचं ऊन होतं. पूर्वेच्या खिडकीचं एक दार उघडलं, उन्हाचा पट्टा समोरच्या भिंतीवर पडला आणि त्या पट्ट्यात मेणबत्ती धरली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ज्योतीला सावली आहे!" होती. आणि नीट पाहिलं तर ज्योतीचा जो भाग सगळ्यात पिवळा, सगळ्यात तेजस्वी, त्याचीच सावली सगळ्यात गडद. मुलं भिंत बघत, ज्योत बघत, पुन्हा भिंत. कारण शोधायला आम्ही स्टीलची वाटी ज्योतीत धरली. तळाला काजळी धरली. ज्योतीतले हे कार्बनचे कणच तापून उजेड देतात आणि हेच कण उन्हाला अडवतात. "आमची आजी असंच काजळ धरायची," हे तिसऱ्या रांगेतून आलं, आणि धडा माझ्या हातातून त्यांच्या हातात गेला.

फॅरेडेने नव्या व्याख्यात्याला दिलेला एक सल्ला त्याच्याविषयीच्या आठवणींत नोंदवलेला आहे. हातातला दगड सोडला तर खाली पडेल असं मी श्रोत्यांना सांगणार असेन, तर मी मूठ उघडून तो दगड पाडून दाखवीन. काहीही ठाऊक आहे असं धरून चालू नका. कानाला सांगताना डोळ्यालाही सांगा. माझ्या सगळ्या शिकण्यात या सल्ल्याने मला सर्वात जास्त विचार करायला लावलं, कारण आमच्या पाठ टाचणाची, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याची, सुरुवातच "पूर्वज्ञान" या शीर्षकाने होते. विद्यार्थ्यांना मेणबत्ती माहीत आहे. विद्यार्थ्यांना ज्वलन माहीत आहे. मग पूर्वज्ञान जागृतीचे तीन प्रश्न, हेतुकथन आणि विषय विवेचन. पूर्वज्ञान तपासावं यात शंका नाही, जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंचपदीपासून (पाठाच्या पाच पायऱ्यांपासून) सगळे तेच सांगतात. पण मुलांना मेणबत्तीचं नाव माहीत असतं, ती विकत कुठे मिळते हे माहीत असतं, वीज गेली की ती कुठल्या खणात आहे हेही माहीत असतं. तिच्याकडे थांबून पाहिलेलं नसतं. माहीत असणं आणि पाहिलेलं असणं यातली फट जिथे आहे तिथेच शिक्षकाचं काम आहे, असं मला आता वाटतं. दगड पडतो हे कुणाला माहीत नाही? तरीही तो वर्गात पडला की पन्नास जोड्या डोळ्यांनी एकच घटना पाहिलेली असते, आणि पुढचं बोलणं त्या घटनेबद्दल होतं, पुस्तकातल्या वाक्याबद्दल नाही.

आम्हाला शिकवताना व्याख्यान पद्धतीला शिक्षककेंद्री म्हणून खालची जागा दिली जाते. मूल आपलं ज्ञान स्वतःच रचतं असं मानणाऱ्या ज्ञानरचनावादाच्या काळात ते स्वाभाविक आहे, आणि तासभर एकट्याने बोलणाऱ्या शिक्षकापुढे बसलेल्या मुलांची अवस्था पाहिली तर ते बरोबरही वाटतं. तरीही फॅरेडेची ही सहा व्याख्यानं मी त्या खान्यात टाकणार नाही. तिथे बोलतो एकच माणूस, पण दर दोन-चार वाक्यांनी तो थांबतो आणि टेबलावर काहीतरी घडतं. काही नवीन घडलं की, याचं कारण काय, हे विचारा, असं तो मुलांना परत परत सांगतो. ऐकणाऱ्याचं डोकं चालू आहे की नाही, हे ओठ कुणाचे हलतात यावरून ठरत नाही. उलट गटकार्याच्या नावाखाली चार बाकं जोडून एकाने लिहायचं आणि तिघांनी बघायचं, हेही मी पाहिलं आहे. अर्थात फॅरेडेकडे तयार सभागृह होतं, मदतनीस होता आणि डोक्यावर घटक चाचणी नव्हती. त्यामुळे त्याची सगळी सहा व्याख्यानं ३५ मिनिटांच्या तासिकेत कोंबायचा कुणी प्रयत्न करू नये. एका तासिकेला एक प्रयोग, पण तो पुरता.

पाठ झाल्यावर एका मुलाने विचारलं, "हवा वर जाते म्हणून ज्योत वर जाते, मग अंतराळयानात काय होईल?" मी त्याला दुसऱ्या दिवसाचा वायदा केला आणि घरी जाऊन वाचलं. तिथे गरम हवा वर जाण्याचा प्रश्नच नाही, कारण वजन जाणवत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये मेणबत्ती पेटवून पाहिली गेली आहे. ज्योत लहान, जवळजवळ अर्धगोल आणि निळसर होते, कारण प्राणवायू तिच्यापर्यंत फक्त हळूहळू पसरत पोचतो. दुसऱ्या दिवशी त्याला हे सांगताना मला डॉ. जयंत नारळीकर आठवले. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत ते शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं देत, आणि स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला सांगत की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही येईल. व्याख्यानानंतर मुलाच्या हातात एक प्रश्न उरावा आणि त्याला उत्तर मिळण्याची खात्री असावी, यासाठी पोस्टकार्डाहून जास्त काही लागलं नाही. माझ्या वर्गात त्यासाठी खोक्याची प्रश्नपेटी ठेवायचं ठरवलंय.

पुढचा पाठ पाण्याचा आहे. जळणाऱ्या मेणबत्तीतून पाणी बाहेर पडतं, हे फॅरेडे बर्फ आणि मीठ घातलेलं भांडं ज्योतीवर धरून दाखवतो. तळाला थेंब जमतो. तो पाण्याचाच हे दाखवायला तो पाण्याशी पेट घेणारं पोटॅशियम वापरतो. शाळेत ते असू नये आणि नसतंच. त्याऐवजी मोरचूद (कॉपर सल्फेट) चालेल, प्रयोगशाळेत असतं आणि पिकांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी शेतीच्या दुकानातही मिळतं. ते तापवून पांढरं करून घ्यायचं, पाणी लागलं की पुन्हा निळं होतं. पण सराव म्हणून मी हा प्रयोग घरी केला तेव्हा माझ्या धाकट्या भावाने लगेच अडवलं, "ताई, पावसाळ्यात बर्फाच्या भांड्याला बाहेरून पाणी सुटतंच की!" अगदी खरं आहे. लंडनच्या डिसेंबरात ही अडचण कमी, आमच्याकडे जुलैत मोठी. म्हणून टाचणात आता दोन वाट्या आहेत. दोन्हींत सारखाच बर्फ आणि सारखंच मीठ, दोन्ही सारख्याच पुसून कोरड्या केलेल्या. एक ज्योतीच्या टोकाच्या जरा वर, काजळी धरणार नाही इतक्या अंतरावर. दुसरी मेणबत्तीशिवाय, तेवढ्याच उंचीवर. दोन्ही एकाच वेळी धरायला दोन मुलं पुढे येतील, आणि कुठल्या वाटीला किती पाणी सुटलं ते फळ्यावर लिहायला तिसरं. भावाची शंका वर्गातल्या कुणी काढली नाही, तर ती मीच काढणार आहे.